छातीतली शिट्टी काय सांगते?

जिना चढून तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचलं की या बाई लगेच शिकवायला सुरुवात करत नाहीत. आधी खुर्चीत बसतात, हजेरीपट उघडतात आणि मुलांना वहीत तारीख-वार लिहायला सांगतात. तेवढ्यात त्यांची धाप खाली बसते. मुलांना हे सवयीचं झालंय. पुढच्या बाकावरच्या मुलांना तर बाईंच्या छातीतून येणारा बारीक शिट्टीसारखा आवाजही ऐकू येतो.

बाई ४६ वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी सांगितलं, ‘दमा आहे’. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. थंडीत त्रास वाढतो, उन्हाळ्यात जरा कमी होतो. शिक्षकांच्या खोलीत तर प्रत्येकाचं निदान तयार असतं. एक म्हणतात, ‘खडूची भुकटी, दुसरं काय!’ दुसऱ्यांना वाटतं, वजन वाढलंय. तिसरे विचारतात, ‘आईला होता का?’

या बाई म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे. पुष्कळांच्या हकिकतींत सापडणाऱ्या गोष्टी एकत्र करून आपण त्यांना या लेखापुरतं उभं केलंय. पण त्यांच्या हकिकतीतली एक गोष्ट खरोखरच फार ठिकाणी आढळते. चार वर्षं औषध चाललं, तरी त्यांचा श्वास एकदाही कुणी मोजला नाही.

तो मोजायला का हवा होता? दम लागतो, छातीत घरघर होते, म्हणजे दमाच की! या ‘म्हणजे’पाशीच आपण जरा थांबू या.

फुग्याचं तोंड

एक फुगा फुगवा. त्याचं तोंड दोन्ही हातांनी दोन बाजूंना ताणून धरा आणि हवा हळूहळू सोडा. चिरका आवाज येतो. ताण कमी-जास्त केला की आवाजाची पट्टी बदलते. तोंड मोकळं सोडलं की आवाज बंद होतो आणि हवा भस्सकन निघून जाते.

फुग्यातली हवा तीच, रबरही तेच. बदलली ती फक्त फट. अरुंद फटीतून हवा जोरात जाऊ लागली की फटीच्या कडा थरथरतात आणि आवाज निघतो. छातीतली शिट्टीही अशीच तयार होते. श्वासनलिका बंद पडण्याच्या बेतात येण्याइतकी अरुंद झाली, की तिच्या भिंती हवेच्या झोतात कापू लागतात. ही शिट्टी श्वास सोडताना जास्त ऐकू येते, त्यालाही कारण आहे. श्वास घेताना छातीचा पिंजरा फुलतो, त्याबरोबर आतल्या नलिकाही थोड्या ताणल्या जाऊन रुंदावतात. श्वास सोडताना त्यांच्यावर बाहेरून दाब येतो आणि त्या आणखी आवळल्या जातात.

म्हणजे शिट्टी आपल्याला एवढंच सांगते की कुठेतरी वाट अरुंद झाली आहे. कशामुळे झाली, ते ती सांगत नाही. ताप आला हे जसं निदान नव्हे, तशी घरघर हेही निदान नव्हे. ते लक्षण आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवायला हवी. शिट्टी वाजायला पुरेशी हवा वाहावी लागते. दम्याचा झटका फार तीव्र झाला, तर हवाच इतकी कमी वाहते की छाती शांत होते. धाप तशीच असताना आवाज थांबला, तर ती बरं वाटण्याची खूण नाही. ती धोक्याची खूण आहे.

अर्धी वाट, सोळापट अडथळा

नलिका थोडीशी अरुंद झाली तर एवढा फरक का पडतो? १८४० च्या सुमारास पॅरिसमधले एक डॉक्टर, झाँ पॉइझ्य, बारीक नळ्यांतून द्रव कसे वाहतात याचे प्रयोग करत होते. रक्त केशवाहिन्यांतून कसं जातं हे त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यांना आढळलं, की संथ प्रवाहाला होणारा अडथळा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट किंवा चौपट होत नाही, तो सोळापट होतो. मोठ्या श्वासनलिकांत हवा भोवरे घेत जाते, त्यामुळे तिथे हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. पण नलिका थोडी आवळली तरी श्वासाचे कष्ट खूप वाढतात, हे त्यातून कळतं. सरबताच्या जाड नळीतून आणि मग बारीक नळीतून श्वास सोडून पाहिला की ते लगेच पटतं. ज्यांना दमा किंवा हृदयविकार आहे त्यांनी मात्र हा प्रयोग करू नये.

उलट एक गंमतही आहे. मुख्य श्वासनलिकेला दोन फांद्या फुटतात, त्यांना प्रत्येकी दोन, असं सुमारे २३ वेळा होतं. टोकाकडच्या नलिका दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात. पण त्यांची संख्या इतकी प्रचंड असते की सगळ्या मिळून वाट चांगलीच रुंद होते. त्यामुळे त्यातल्या पुष्कळ नलिका खराब झाल्या तरी माणसाला बरीच वर्षं काहीच जाणवत नाही. दम लागायला लागतो तेव्हा दुखणं जुनं झालेलं असतं. बाईंच्या बाबतीत हे ध्यानात ठेवायला हवं.

संशयित किती?

नळातून पाणी कमी येत असेल तर आपण तीन शक्यता तपासतो: नळात काही अडकलंय का, नळाच्या आतून थर साचलाय का, की बाहेरून कुणी तो दाबलाय? श्वासनलिकेचंही असंच आहे.

नलिकेत काही अडकलेलं असू शकतं: सुपारीचं खांड, शेंगदाणा, चिंचोका, दाताचा तुकडा. लहान मुलांत हे जास्त घडतं, पण मोठ्या माणसांतही घडतं, आणि ठसका लागून गेल्यावर तो प्रसंग विसरलाही जातो. नलिकेत वाढलेली गाठ किंवा क्षयाने आलेला व्रणही वाट अडवतो. अशा वेळी शिट्टी बहुधा छातीच्या एकाच बाजूला, एकाच जागी आणि एकाच सुरात ऐकू येते. दम्यात ती दोन्ही बाजूंना, अनेक सुरांत ऐकू येते. म्हणून डॉक्टर स्टेथोस्कोप पाठीवर दोन्हीकडे, वर-खाली फिरवतात. कानाला छाती लावण्याऐवजी १८१६ मध्ये कागदाची सुरळी वापरून लेनेक या फ्रेंच डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली, त्यालाही दोनशे वर्षं होऊन गेली.

बाहेरून दाब देणाऱ्यांत गळ्यातली वाढलेली थायरॉइड ग्रंथी किंवा छातीतल्या सुजलेल्या गाठी येतात. कधी अडचण त्याहून वर, स्वरयंत्रात असते. श्वास घेताना उघडायला हवेत ते स्वरतंतू नेमके तेव्हाच जवळ येतात. हे लोक वर्षानुवर्षं दम्याची औषधं घेत राहू शकतात. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा पाच रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा या दुखण्याकडे सगळ्यांचं नीट लक्ष गेलं. यात आवाज गळ्याशी आणि श्वास घेताना येतो.

सगळ्यांत मोठा गट मात्र नलिकेच्या भिंतीतल्या बिघाडांचा. दम्यात भिंत सुजते, तिच्यातले स्नायू आवळतात आणि मग सैलही पडतात. त्रास येतो नि जातो. धुराने होणाऱ्या दीर्घकालीन श्वासमार्गरोधात, म्हणजे ज्याला डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात त्यात, बारीक नलिका जाड होतात, काही नष्टच होतात. वायुकोशांच्या भिंतीही झिजतात. हे नुकसान भरून येत नाही. क्षय बरा झाल्यावर मागे राहिलेल्या व्रणांमुळेही असा कायमचा अडथळा येऊ शकतो.

शेवटचा संशयित छातीतच आहे, पण फुप्फुसात नाही. हृदयाची डावी बाजू थकली, किंवा लहानपणच्या सांधेतापामुळे हृदयाची झडप अरुंद झाली, की रक्त फुप्फुसात तुंबतं, पाणी झिरपतं आणि नलिकांच्या भिंती सुजतात. आवाज अगदी दम्यासारखा येतो.

प्रश्न विचारायची कला

आता यातला खरा गुन्हेगार कसा शोधायचा? पहिलं साधन सगळ्यांत स्वस्त आहे. ते म्हणजे नीट विचारलेले प्रश्न. प्रत्येक प्रश्नामागे एक अटकळ असते आणि उत्तराने ती बळावते किंवा लंगडी पडते.

त्रास कधी होतो? दमा बहुधा पहाटे छळतो, आणि दिवसादिवसांत फरक असतो. हृदयाचा रुग्ण आडवा झाल्यावर तास-दोन तासांनी घाबरा होऊन उठतो, बसला की त्याला बरं वाटतं. ‘उशा किती घेता? पावलं सुजतात का?’ हे प्रश्न त्यासाठीच असतात.

कुठे होतो? मुंबईच्या कापड गिरण्यांत काम केलेल्यांना ‘सोमवारची छाती’ ठाऊक होती. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी कापसाच्या तुसाने छाती आवळायची. बेकरीतलं पीठ आणि गाड्यांना फवारून देतात त्या रंगातली काही रसायनं यांनीही दमा जडतो. म्हणून ‘काय काम करता?’ एवढंच विचारून भागत नाही, ‘सुट्टीत बरं वाटतं का?’ हेही विचारावं लागतं.

कोणती औषधं घेता? रक्तदाबाच्या किंवा धडधडीच्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांनी, इतकंच काय, काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायच्या टिमोलॉलच्या थेंबांनीसुद्धा काहींच्या श्वासनलिका आवळतात. काहींना ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या गोळ्यांनी झटका येतो.

कुठे राहता? हा प्रश्न आपल्याकडे फार मोलाचा आहे. १९४० मध्ये आंध्रातल्या मदनपल्लीच्या क्षय आरोग्यधामात फ्रिमॉट-म्योलर आणि बार्टन या डॉक्टरांनी काही चमत्कारिक रुग्णांची नोंद केली. क्षयासारखी छायाचित्रं, पण थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत. रक्तात मात्र इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भरमसाट. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी याला उष्ण कटिबंधातला इओसिनोफिलिया असं नाव दिलं. पुढे उलगडा झाला, की हत्तीरोगाच्या जंतांच्या पिल्लांवर शरीर जी तीव्र प्रतिक्रिया देतं, तिचा हा परिणाम आहे. रात्रीचा खोकला, घरघर, धाप, सगळं दम्यासारखंच! हत्तीरोग असलेल्या भागातल्या, उदाहरणार्थ विदर्भातल्या, माणसाला अशी लक्षणं असतील तर रक्ताची साधी तपासणी दिशा दाखवते. या पेशी एरवी एका घन मिलिमीटरमध्ये पाचशेच्या आत असतात. इथे त्या तीन हजारांच्या वर जातात. डाय-इथिल-कार्बामॅझिन हे औषध साधारण तीन आठवडे दिलं की बहुतेकांना उतार पडतो. दमा समजून वर्षानुवर्षं ते दिलं गेलं नाही, तर फुप्फुसात कायमचे व्रण होऊ शकतात.

आता आपल्या बाईंकडे वळू या. लहानपणी त्यांना कधी असा त्रास नव्हता. रात्री झोप लागते. पावलं सुजत नाहीत. त्रास येतो-जातो असं नाही, सहा-सात वर्षांत तो हळूहळू वाढतच गेलाय. आधी तिसऱ्या मजल्यावर दम लागायचा, आता पहिल्यावरच लागतो.

आणि खडू? ‘मे महिन्यात मला बरं वाटतं, म्हणजे खडूच,’ असं बाईंनाही वाटायचं. पण मे महिन्यात दोन गोष्टी बदलतात: शाळा नसते आणि थंडीही नसते. मग फरक कशामुळे पडला, हे कसं ठरवायचं? थंडी आहे पण खडू नाही, असा काळ शोधायला हवा. तो सापडला. एका डिसेंबरात बाई तीन आठवडे प्रशिक्षणाला गेल्या होत्या. तिथे खडू हातात धरला नाही, तरी धाप तशीच होती. खडूची भुकटी नाका-घशाला त्रास देते, खोकला आणते, हे खरं. पण बाईंच्या धापेचं ओझं तिच्यावर टाकता येत नाही. वर्गात आपण ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ असं शिकवतो, ते इथे उपयोगी पडलं.

श्वास मोजायचा कसा?

प्रश्नांनी संशयितांची यादी लहान होते. निकालासाठी मोजमाप हवं.

१८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी श्वास मोजायचं यंत्र लोकांपुढे मांडलं. पाण्यावर उपडी घातलेली टाकी, तीत नळीतून फुंकायचं, टाकी किती वर उचलली जाते ते पाहायचं. खलाशी, पोलीस, मुष्टियोद्धे अशा दोन हजारांहून जास्त माणसांचा श्वास त्यांनी मोजला आणि दाखवून दिलं की माणूस जितका उंच, तितकी ही क्षमता जास्त. हे झालं ‘किती?’ या प्रश्नाचं उत्तर. ‘किती वेगाने?’ हा प्रश्न मागेच राहिला होता. १९४७ मध्ये फ्रान्समध्ये तिफनो आणि पिनेल्ली यांनी तो पुढे आणला. जोरात सोडलेल्या श्वासापैकी पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते?

हा सेकंद का महत्त्वाचा, ते शाळेच्या फाटकावर समजतं. शाळा सुटली, पाचशे मुलं बाहेर पडायची आहेत. फाटक सताड उघडं असेल तर बहुतेक मुलं पहिल्या मिनिटातच निघून जातात. एक दार बंद असेल तर मुलं तेवढीच, पण गर्दी रेंगाळते. आणि मुळात शाळेत दोनशेच मुलं आली असतील तर? एकूण कमी, पण त्यांतली बहुतेक पहिल्या मिनिटात बाहेर. फुप्फुसांचंही असंच आहे. निरोगी प्रौढ माणूस पूर्ण श्वासापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक, बहुधा पंच्याहत्तर-ऐंशी टक्के हवा पहिल्या सेकंदात बाहेर टाकतो. हे प्रमाण घसरलं तर फाटक अरुंद आहे. प्रमाण ठीक पण एकूण हवाच कमी, असं दिसलं तर दुखणं फाटकाचं नाही, फुप्फुसांचा आकारच आक्रसलेला असू शकतो.

आजचा स्पायरोमीटर हे काही मिनिटांत करतो. पूर्ण श्वास घ्यायचा, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे आणि सगळा जोर लावून, छाती रिकामी होईपर्यंत फुंकत राहायचं. फुंकणं अर्धवट झालं तर आकडे फसवतात, म्हणून निदान तीन वेळा नीट फुंकून घेतात.

फाटक अरुंद आहे एवढं कळलं तरी प्रश्न उरतो: दार नुसतं लोटलेलं आहे की गंजून बसलंय? ढकलून पाहू या! नलिकांचे स्नायू सैल करणारं साल्ब्युटामॉल हे औषध ओढायला देतात आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजतात. पहिल्या सेकंदातली हवा १२ टक्क्यांनी आणि शिवाय २०० मि.ली.नी वाढली, तर दार चांगलंच हललं असं बरीच वर्षं मानत आले आहेत. हे दम्याकडे बोट दाखवतं. औषधानंतरही प्रमाण सत्तर टक्क्यांच्या खालीच राहिलं, तर अडथळा पक्का बसलेला आहे.

इथे घाई करून चालत नाही. दमा येतो-जातो, त्यामुळे तपासणीच्या दिवशी आकडे अगदी चांगले येऊ शकतात. एका चांगल्या दिवसावरून ‘दमा नाही’ म्हणणं म्हणजे एका उन्हाच्या दिवसावरून ‘इथे पाऊस पडत नाही’ म्हणण्यासारखं आहे. अशा वेळी पीक फ्लो मीटर कामाला येतो. हातात मावणाऱ्या या नळीत रोज सकाळ-संध्याकाळ फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा. दोन आठवड्यांत आलेख तयार होतो. सकाळी २६०, संध्याकाळी ३४०, असा हेलकावा रोज दिसला तर ती दम्याची चाल आहे. प्रौढांत दिवसातला फरक सरासरी १० टक्क्यांहून जास्त असेल तर तो लक्षणीय धरतात. तरीही शंका राहिली तर नलिकांना मुद्दाम थोडं डिवचून पाहण्याची तपासणी असते, ती फक्त रुग्णालयातच करतात. शिवाय जुना दमाही कधीकधी गंजून बसतो, आणि काहींना दोन्ही दुखणी एकत्र असतात.

बाईंचे आकडे

बाईंची दोन आठवड्यांची वही जवळजवळ सपाट होती: सकाळी २१०, संध्याकाळी २२०. स्पायरोमीटरवर पूर्ण श्वास २.२ लीटर, पहिल्या सेकंदात १.२ लीटर. प्रमाण ५५ टक्के. फाटक नक्कीच अरुंद. औषध ओढल्यावर पहिल्या सेकंदातली हवा १.२६ लीटर झाली. वाढ ६० मि.ली., म्हणजे ५ टक्के, आणि प्रमाण ५६ टक्के. दार हललं नाही. क्ष-किरण छायाचित्रात गाठ नाही, जुन्या क्षयाची खूण नाही. हृदय ठीक. इओसिनोफिल नेहमीइतकेच.

हे चित्र सी.ओ.पी.डी.चं आहे. पण तो तर सिगरेट ओढणाऱ्यांचा आजार! चार वर्षांपूर्वी बाईंना विचारलं होतं, ‘विडी, सिगरेट?’ त्या म्हणाल्या, ‘छे!’ आणि तो कप्पा तिथेच बंद झाला. आता कुणीतरी पुढचा प्रश्न विचारला. ‘स्वयंपाक कशावर करत होता?’

बाई हसल्या. नवव्या-दहाव्या वर्षापासून फुंकणी हातात होती. माहेरी चूल, सासरी चूल. आधी लाकडं, पावसाळ्यात ओली लाकडं, कधी तुराट्या, कधी गोवऱ्या. घरात गॅस आला तेव्हा त्या पस्तिशीत होत्या. मग आता धूर संपला ना? ‘हो, फक्त आंघोळीच्या पाण्याचा बंब तेवढा रोज पेटवते.’

पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रश्नाचा आढावा घेतला. जगातल्या सी.ओ.पी.डी.च्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेलं नसतं, असं त्यांनी दाखवलं. चुलीचा धूर हे त्यामागचं जगातलं सगळ्यांत मोठं कारण असावं, असं त्यांचं म्हणणं आहे. म्हणजे ‘विडी ओढता का?’ हा प्रश्न आपल्याकडच्या बायकांसाठी अपुरा आहे. आणि प्रश्नच अपुरा असेल तर उत्तर खरं असूनही उपयोगाचं नसतं.

नाव बदललं, मग काय बदललं?

गेलेल्या नलिका परत येत नाहीत, हे बाईंना ऐकावंच लागलं. पण बाकी पुष्कळ बदललं. गोळ्यांत स्टेरॉइड होतं. पोटातून वर्षानुवर्षं घेतलेल्या स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू लवकर होतो. त्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करून थांबवल्या. अशा गोळ्या आपल्या मनाने एकदम कधीच बंद करायच्या नसतात, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावलेलं असतं. नलिका दीर्घकाळ सैल ठेवणारी, ओढून घ्यायची औषधं सुरू झाली. ती नीट कशी ओढायची हे बाईंकडून करवून घेतलं. फ्ल्यू आणि न्यूमोनियाच्या लसी झाल्या. रोज ठरवून चालणं सुरू झालं. आणि बंब बंद झाला. नुकसान आणखी वाढू नये यासाठी हा उपाय औषधाइतकाच महत्त्वाचा आहे.

चूक उलट दिशेने झाली असती तर? दम्याच्या रुग्णाला सी.ओ.पी.डी.चा शिक्का मारून, सूज कमी करणारं ओढायचं स्टेरॉइड न देता नुसतं दीर्घकाळ टिकणारं सैल करणारं औषध दिलं, तर ते जिवावर बेतू शकतं. नाव बरोबर असणं म्हणूनच गरजेचं आहे.

अशा चुका फक्त आपल्याकडे, साधनं नसल्यामुळेच होतात असंही नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कॅनडात आधीच्या पाच वर्षांत दम्याचं निदान झालेल्या ६१३ प्रौढांची पुन्हा कसून तपासणी केली. त्यांतल्या २०३ जणांना, म्हणजे दर तिघांत एकाला, त्या वेळी दमा नव्हता. काहींचा दमा मधल्या काळात शमला असेल. पण १२ जणांना हृदयाचं किंवा फुप्फुसाचं दुसरंच गंभीर दुखणं होतं. आणि ज्यांना दमा नव्हता असं ठरलं, त्यांच्यात पहिल्या निदानाच्या वेळी श्वास मोजलेला असण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी होतं.

आपल्यापैकी कुणाची किंवा घरात कुणाची अशी घरघर चालू असेल, तर औषध बंद न करता डॉक्टरांना एवढंच विचारावं: ‘स्पायरोमेट्री केली तर बरं का?’ आणि बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर पडत असतील, ओढायच्या औषधाने उतार पडत नसेल, छातीत दुखत असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल, तर विचारत बसायचं नाही. सरळ रुग्णालय गाठायचं.

वर्गासाठी

हचिन्सनचं यंत्र वर्गात करता येतं. पाच लीटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात पाव-पाव लीटर पाणी ओतत बाहेरून खुणा करा. डबा काठोकाठ भरून, तोंडावर झाकण धरून घमेल्यातल्या पाण्यात उपडा घाला आणि झाकण काढा. तोंडातून एक रबरी नळी आत सरकवा. आता छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात नळीतून फुंकायचा. जितकं पाणी खाली सरकलं तितका श्वास. प्रत्येक मुलासाठी नळीच्या टोकाला वेगळा, स्वच्छ तुकडा लावा आणि नळीतून आत ओढायचं नाही हे बजावून सांगा. दमा किंवा हृदयाचं दुखणं असलेल्या मुलांना आकडे टिपायचं काम द्या. मग उंची आणि श्वास यांचा आलेख काढा. १८४६ मध्ये हचिन्सन यांना जे दिसलं, ते मुलांना दिसतं का पाहा.

शेवटी मुलांना एक प्रश्न विचारा. आपल्या बाईंनी या डब्यात फुंकलं असतं तर त्यांचा आजार कळला असता का? त्यांच्या उंचीच्या इतर बायकांपेक्षा २.२ लीटर फारसे कमी नाहीत. मग या डब्यात काय मोजायचं राहून गेलं? मुलांना सुचू द्या. घड्याळ लागेल, असं कुणीतरी नक्की म्हणेल.